कापसाची गाठ आणि लग्नाची कॅसेट

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. विषय वरकरणी संगणकाचा वाटेल. वस्तुतः तो वऱ्हाडच्या इतिहासाशी बांधलेला आहे.

अमरावती आणि अकोल्यात गेल्या काही वर्षांत एक स्तुत्य काम घरोघर सुरू झाले आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या लग्नांच्या, मुंजींच्या, बारशांच्या व्हीएचएस कॅसेटी माळ्यावरून खाली येतात, दुकानात जातात आणि पेनड्राइव्हवर चित्रफिती होऊन परततात. कामाच्या पाठोपाठ एक सल्लाही घरात शिरतो. देणारा बहुधा घरातलाच, पुण्यात किंवा बंगळुरात नोकरी करणारा, संगणक जाणणारा भाचा असतो. "एवढ्या मोठ्या फाइली कशाला ठेवता, मामा? सगळ्या नव्या कोडेकमध्ये बदलून टाकू, निम्म्याहून कमी जागा लागेल. मग जुन्या फाइली पुसून टाका, अन् त्या कॅसेटीही भंगारात द्या."

या सल्ल्याचा पूर्वार्ध तपासून घेण्यासारखा आहे. उत्तरार्ध अक्षम्य आहे. हा धागा त्या उत्तरार्धाविरुद्ध आहे.

आधी कापूस.

१८५३ साली हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. निमित्त कर्जाचे होते. डोळा काळ्या मातीवर आणि तीत पिकणाऱ्या कापसावर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडे वळल्या. अमरावतीचे नाव तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी 'ऊमरावती' असे बसले होते. पुढे त्याचे नुसते 'ऊमरा' झाले आणि वऱ्हाडी कापसाची ती बाजारातली जातच ठरली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोहोचला.

लोहमार्ग आला खरा, पण कापूस हा वजनाने हलका आणि आकाराने अघळपघळ माल. मोकळा भरला तर वाघिणीची जागा आधी संपते, वजन मागाहून. जहाजात तर जागेचेच भाडे. म्हणून वाफेवर चालणारे दाबयंत्र आले. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो कापसासाठीच टाकलेल्या लोहमार्गाच्या उद्घाटनाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आजही आपल्याकडे 'जिनिंग-प्रेसिंग' हा जोडशब्द शेतकऱ्यापासून अडत्यापर्यंत सगळे एका दमात उच्चारतात.

यातली प्रेसिंगची क्रिया नीट ध्यानात घ्यावी. अकोल्यात दाबून बांधलेली गाठ लिव्हरपुलात सोडली की रुई पुन्हा फुलते. तंतूची लांबी तीच, जात तीच. गेली ती फक्त मधली हवा. संगणकाच्या भाषेत याला 'हानिरहित संक्षेपण' म्हणतात. आपण कागदपत्रांची झिप फाइल करतो ती याच जातीची. उघडली की अक्षरन् अक्षर परत मिळते.

आता याच कापसाच्या इतिहासातली दुसरी गोष्ट, जी आपण सहसा सांगत नाही.

वऱ्हाडात कापसाच्या मुख्य दोन जाती होत्या. 'बनी' ही लांब, रेशमासारख्या मऊ तंतूची. 'जरी' ही आखूड, भरड तंतूची. पण ती काटक, आणि तिच्या कापसातून रुईचा उतारा अधिक पडे. बाजार मोजत होता रुईचे वजन. तंतूच्या लांबीला मिळणारा जादा भाव शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत वाटेतच विरून जाई. एकोणिसावे शतक सरता सरता जरीने बनीला वऱ्हाडाच्या शिवारातून मागे रेटले. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही याची कोरडी नोंद आहे.

शेतकरी मूर्ख होता काय? मुळीच नाही. त्याच्यापुढे जो काटा ठेवला होता, त्या काट्यावर तो अचूक वागला. दोष काट्यात होता. वजनाचा काटा तंतूची लांबी दाखवत नाही. आणि प्रेसमध्ये गाठ कितीही पक्की बांधली, तरी आत जरी घातली असेल तर लिव्हरपुलात बनी निघत नाही.

घरातल्या चित्रफितींच्या बाबतीत आज हेच घडते आहे. आपल्यापुढे ठेवलेला काटा गिगाबाइटचा आहे. फाइल ४ जीबीची होती, १ जीबीची झाली, 'दिसायला तर तशीच दिसते', म्हणून आपण खूश. आपण गाठ बांधली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण वाण बदललेला असतो.

हे कसे होते ते समजण्यासाठी अर्ध्या शतकामागे जावे लागेल, आणि सुदैवाने तिथे एक आपला माणूस भेटतो. नासिर अहमद हे बंगळुरात जन्मलेले अभियंते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवीत. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी आहे, असे म्हणून ते नाकारले गेले. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुरे केले आणि जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. तेच 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि गेल्या तीस वर्षांतली बहुतेक सर्व चित्रफीत या गणिताच्या किंवा त्याच्या वंशजांच्या खांद्यावर उभी आहे.

कल्पना अशी. चित्राचे लहान लहान चौकोन करायचे, जुन्या पद्धतीत ८ गुणिले ८ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक पोत किती याचा हिशेब मांडायचा. माणसाच्या डोळ्याला बारीक पोत कमी जाणवतो, म्हणून त्याचे आकडे ढोबळ करायचे, पुष्कळसे शून्यच करून टाकायचे. शिवाय लागोपाठच्या चित्रांत जे हललेच नाही ते पुन्हा लिहायचे नाही. शून्य झालेले आकडे कायमचे गेले. ते कोणत्याही यंत्राने, कोणत्याही किमतीला परत येत नाहीत. ही जरी आहे.

या विद्येला मी नावे ठेवीत नाही. तिच्यावाचून चित्रफीत घरात आलीच नसती. आपल्या पद्धतीची टीव्हीची एक तासाची फीत, ७२० गुणिले ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे, काहीही न दाबता ठेवायची तर सुमारे ७५ जीबी जागा खाते. नव्वदच्या दशकात एवढी जागा घरगुती संगणकात कोणी पाहिलीही नव्हती.

म्हणूनच १९९३ मध्ये एमपेग-१ या पद्धतीवर आधारलेली व्हिडिओ सीडी आली आणि काही वर्षांतच वऱ्हाडातल्या लग्नांचे अल्बम तिच्यावर निघू लागले. ती आपल्या स्मृतींच्या इतिहासातली पहिली मोठी पडझड होती, आणि तिची वार्ताही कोणाला लागली नाही.

व्हीएचएस कॅसेटवर सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात: एकदा विषम रेषा, एकदा सम रेषा. प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणाचे. व्हिडिओ सीडीत चित्राची उंची केवळ २८८ रेषांची, आणि सेकंदाला चित्रे २५. म्हणजे दोनपैकी एक अर्धचित्र सरळ टाकून दिले गेले. नवरीने मान वर करून पाहिले त्या सेकंदाचे पन्नास क्षण कॅसेटवर होते; सीडीवर पंचवीस उरले. आणि पुष्कळ घरांनी सीडी हाती आल्यावर कॅसेट टाकून दिली, कारण 'डिजिटल म्हणजे झीज नाही' असे सांगितले गेले होते.

'डिजिटल म्हणजे झीज नाही' हे अर्धसत्य आहे. फाइलची जशीच्या तशी नक्कल केली तर झीज नाही. एका पद्धतीतून दुसरीत उतरवली की प्रत्येक वेळी झीज आहे. कॅसेटच्या काळात ही गोष्ट लग्नाचा व्हिडिओवालाही जाणत होता. 'मास्टर' कॅसेट वेगळी आणि गिऱ्हाइकाला दिलेली कॉपी वेगळी, कॉपीवरून कॉपी काढली की रंग फिके पडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. ते साधे शहाणपण आपण संगणकाच्या दिपवणाऱ्या आकड्यांपुढे हरवले.

आता त्या भाच्याच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलू.

कोडेक सुधारले आहेत, हे निर्विवाद. २००३ मध्ये एच.२६४ आले. २०१३ मध्ये एचईव्हीसी ऊर्फ एच.२६५ आले, तेवढ्याच दर्जाला निम्मी जागा हे त्याचे उद्दिष्ट होते आणि मोठ्या चित्रांच्या बाबतीत ते बरेचसे साधले. एचईव्हीसीच्या पेटंटांची वसुली करणारे एकाहून अधिक गट उभे राहिल्याने कंपन्या वैतागल्या, आणि काही बड्या कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन स्वामित्वशुल्क न आकारणारा कोडेक घडवायला घेतला. तो २०१८ चा एव्ही१. जागेच्या काटकसरीत तो एचईव्हीसीच्या तोडीचा, पुष्कळदा सरस. यांतले काहीही खोटे नाही.

परंतु हे सारे आकडे कोणत्या चित्रांवर मोजले आहेत? मुख्यतः स्वच्छ, मोठ्या, व्यावसायिक कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांवर. चित्र जितके मोठे तितका नव्या कोडेकचा लाभ अधिक. जुन्या टीव्हीच्या आकाराच्या चित्रात तो आक्रसतो. आणि आपली कॅसेट म्हणजे काय? दर्यापूरच्या मांडवात हॅलोजनच्या एका दिव्यावर टिपलेले, रंग वाहणारे, दाणेदार चित्र. दाणा हा कोडेकचा शत्रू. प्रत्येक चित्रात तो नव्या जागी असतो, त्यामुळे 'जे हलले नाही ते पुन्हा लिहू नये' हा नियम चालत नाही. मग कोडेक काय करतो? दाणा पुसतो. दाण्याबरोबर गालावरची सुरकुती पुसतो, शालूचा पोत पुसतो. चित्र 'स्वच्छ' होते. पाहणारा म्हणतो, वा!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती कोणताही सल्लागार सांगत नाही. वर सांगितलेली अर्धचित्रांची रचना जशीच्या तशी साठवण्याची सोय एच.२६४ मध्ये नीट आहे. एव्ही१ मध्ये ती ठेवलेलीच नाही, कारण तो इंटरनेटच्या जमान्यासाठी घडवला. म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली फीत एव्ही१ मध्ये घालायची तर आधी अर्धचित्रे जोडून पूर्ण चित्रे करावीच लागतात. ते काम चांगल्या गाळणीने, सेकंदाला ५० पूर्ण चित्रे राखून केले तर पाहण्याची प्रत उत्तम होते. घाईने केले तर एकतर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात, नाहीतर पुन्हा निम्मे क्षण जातात. सर्वांत नवा कोडेक सर्वांत जुन्या फितीला सर्वांत चांगला, हे गृहीतकच पोकळ आहे.

काट्याविषयी आणखी थोडे. चित्राचा दर्जा मोजण्याची यंत्रेही आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये व्हीमॅफ नावाचे असे मापन सर्वांसाठी खुले केले, आणि ते चांगलेच आहे. पण ते शेवटी सरासरी काढते. तीन तासांच्या फितीत पंगतीच्या कोपऱ्यात चार सेकंद दिसलेली, पदर सावरून पान वाढणारी आजी त्या सरासरीत शून्यवत आहे. आणि त्या घरात तिची दुसरी कोणतीही हलती प्रतिमा नसते. पंगत टिपणाऱ्याला ती महत्त्वाची वाटली नव्हती, कोडेकला वाटत नाही, मापनाला वाटत नाही. ती महत्त्वाची कोणाला, हे ज्याने त्याने आपल्या घरात शोधावे.

मूळ पुसून रूपांतर ठेवण्याचा हा मोह केवळ आपल्याच घरात आहे असे नाही. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तिथून आलेले चित्र वेगळ्या, संथ गतीच्या पद्धतीचे होते. पृथ्वीवर ते घरच्या टीव्हीसाठी रूपांतरित करून दाखवले गेले. रूपांतरात त्याचा कस उतरला. मूळ संकेत ज्या चुंबकीय फितींवर नोंदले होते त्या नासाने कित्येक वर्षांनी शोधायला घेतल्या. २००९ मध्ये नासाने सांगितले की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता, जागा वाचवली. मानवजातीच्या त्या पावलाचे जे चित्र आज आपण पाहतो ते रूपांतराचे आहे.

आपल्याकडेही कथा वेगळी नाही. 'आलम आरा' हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. जुन्या चित्रपटांच्या प्रती चांदीसाठी वितळवल्या गेल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, त्यांत प्रभातच्या चित्रपटांचाही समावेश होता. आज आपण ते चित्रपट पाहू शकतो याचे कारण दुसरीकडे प्रती होत्या. अमरावतीकरांनी आपल्याच गावाकडे पाहावे. राजकमल, प्रभात, श्याम, चित्रा ही नावे आज आपण रिक्षावाल्याला चौक म्हणून सांगतो. ज्या टॉकीजांवरून ती पडली, त्यांच्या आतला पडदा, दाराशी उभी गर्दी, मध्यंतरातला गलका यांचे हलते चित्र किती घरांत आहे? असेल तर ते एखाद्या वरातीच्या कॅसेटवर, मागच्या बाजूला, तीन-चार सेकंद असेल. तेच ते कोडेकच्या दृष्टीने 'बिनमहत्त्वाची पार्श्वभूमी'.

आवाजाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. किंबहुना माझा खरा राग इथे आहे.

गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीकच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अखेरच्या काळातले एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते ऐकले की ध्यानात येते, चरित्रांतून वाचलेले बाबा आणि हा आवाज यांत किती अंतर आहे. प्रश्न विचारून श्रोत्यांकडून उत्तर काढून घेण्याची ती तऱ्हा, तो वऱ्हाडी हेल, ती थांबण्याची जागा. छापील पानावर यांतले काही उतरत नाही. कोणीतरी यंत्र लावले, आणि पुढे कोणीतरी फीत टाकून दिली नाही, एवढ्याने ते आपल्यापर्यंत आले.

आपल्या लग्नाच्या कॅसेटींवर आवाज कमीच उरलेला असतो. व्हिडिओवाल्यांनी हौसेने मिक्सिंग केले, चित्रावर गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या आणि मूळ आवाजाच्या जागी सिनेमाची गाणी घातली. तरी मध्येच काही मिनिटे निसटतात. हळदीला बायका गाणे म्हणतात, कोणी मामा रुखवताजवळ कोणाला तरी दटावतो, एक आजोबा कॅमेऱ्याकडे पाहून "हे काय लावलं रे बाप्पा" म्हणतात. ज्या पिढीची वऱ्हाडी शाळेच्या पुस्तकाने धुतलेली नव्हती, तिचा घरगुती आवाज या मिनिटांत आहे. तिची शब्दकोशात नोंद होईल. हेल नोंदवता येत नाही.

आणि तो ठेवायला जागा किती लागते? एक तासाचा दोन वाहिन्यांचा आवाज, काहीही न दाबता, सुमारे ७०० एमबी. फ्लॅक या हानिरहित पद्धतीत साधारण निम्मा. पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या जागेसाठी आवाज पिळून काढणाऱ्याला काटकसरी म्हणत नाहीत. फीत व्हॉट्सॲपवरून चुलत्यांना पाठवली जाते, तिथे ती आणखी पिळली जाते, आणि वर्षभराने घरात तीच एक प्रत उरलेली असते.

एआयने चित्र 'उजळून' देणाऱ्यांविषयी एकच वाक्य पुरे: ते यंत्र आजीचा चेहरा शोधून काढीत नाही, हजारो परक्या चेहऱ्यांवरून एक नवा चेहरा घडवते, आणि आपण त्याला आजी म्हणून नमस्कार करतो.

आता आक्षेप. 'जागेला पैसे लागतात.' लागतात, हिशेब करू. एका घरात २० कॅसेटी, प्रत्येक तीन तासांची धरा. ६० तास झाले. एच.२६४ मध्ये सेकंदाला ६ मेगाबिट अशा उदार हाताने ठेवल्या तर सुमारे १६२ जीबी. त्या एचईव्हीसीत घालून निम्म्या केल्या तर ८१. वाचले ८१ जीबी, म्हणजे २ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कचे ४ टक्के. या ४ टक्क्यांसाठी संगणक कित्येक दिवस-रात्र तापवायचा, आणि तोही अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा बाहेर पारा ४५ च्या वर असतो? लग्नाच्या साड्यांसाठी आपण अख्खे कपाट ठेवतो. लग्नासाठी डिस्कचा एक कोपरा जड होतो.

आणि हानिरहित ठेवायचे तर? एफएफव्ही१ नावाचा खुला कोडेक आहे, २००३ पासून विकसित होत आलेला, जगभरचे अभिलेखागार वापरतात तो. जुन्या टीव्हीच्या आकाराची फीत त्यात तासाला पंचवीस-तीस जीबीच्या आसपास बसते. म्हणजे ६० तास २ टीबीच्या एका डिस्कवर जेमतेम मावतात. ही खरी प्रेसिंग फॅक्टरी: गाठ सोडली की रुई पूर्ववत.

इतके करणे प्रत्येकाला जमणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून विवेक कुठे करायचा ते सांगतो. जे जगात दुसरीकडे आहे आणि जे फक्त आपल्याकडे आहे, यांत फरक करा. आपल्या संग्रहातले चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने एव्ही१ मध्ये खुशाल दाबा. हवे तितके लहान करा, तिथे भाच्याचे शब्दशः ऐका. उद्या बिघडले तर दुसरी प्रत मिळेल. फोनवर आज काढलेल्या फिती बहुधा एचईव्हीसीतच जन्मतात. त्यांना पुन्हा पिळण्यात अर्थ नाही, तशाच ठेवा. मात्र कॅसेटवरून उतरलेली पहिली फाइल, ती ज्या रूपात उतरली त्या रूपात, हात न लावता ठेवायची. तिच्यावरून पाहण्यासाठी वेगळी प्रत काढा: अर्धचित्रे नीट जोडून, सेकंदाला ५० चित्रे राखून, एच.२६४ मध्ये. घरातला दहा वर्षांचा टीव्हीही ती दाखवील. आणि चित्र ४:३ प्रमाणातच राहू द्या. रुंद पडदा भरण्यासाठी ताणले की नवरदेव विनाकारण आडवा दिसतो.

प्रती दोन, आणि दोन गावांत. एक अमरावतीला, एक अकोल्याला थोरल्या भावाकडे. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डिस्क एकदा लावून पाहाव्या. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली डिस्क सुरू होईलच असे नाही.

घाई मात्र करायला हवी, ती कॅसेटींसाठी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. चालू स्थितीतली जी यंत्रे उरली आहेत ती दुरुस्त करणारे हातही कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय फिती उतरवण्याची व्यवहार्य मुदत २०२५ च्या सुमारास संपेल. ती मुदत उलटून गेली आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे आणि मग सादळलेला श्रावण काढणाऱ्या कॅसेटीला बुरशी धरते, फीत चिकटते.

म्हणून दुकानात जाताना तीन गोष्टी आधीच ठरवून जा. 'एका पेनड्राइव्हमध्ये सगळे बसवून द्या' असे म्हणू नका. अख्खी डिस्क हातात द्या. यंत्रातून जी पहिली फाइल निघेल तीच हवी, नंतर लहान केलेली नको, हे कागदावर लिहून द्या. आणि काम झाल्यावर कॅसेटी मोजून परत घ्या, कारण उद्या अधिक चांगले यंत्र कोणाकडे निघाले तर त्याच पुन्हा लावता येतील.

प्रश्न खाली विचारावेत, जमतील तशी उत्तरे देईन. पुढचा धागा मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेवर.